सडे आणि माळ रिकामे नाहीत : वृक्षलागवडीच्या जागा ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रात वृक्षलागवडीच्या जागा, रोपं आणि उद्दिष्टं ठरवणारे अधिकारी, लोकप्रतिनिधी, कंपन्यांचा सामाजिक निधी सांभाळणारे आणि संस्थांचे कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या पावसाळ्यातल्या लागवडीचे आराखडे तयार होण्याचे हे दिवस आहेत. त्यात सह्याद्रीवरचे जांभ्याचे सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारं, आणि देशावरची माळरानं पुन्हा 'उपलब्ध जमीन' म्हणून धरली जाणार, हे आजवरच्या अनुभवावरून दिसतं आहे. मला हे मान्य नाही. गप्प बसून मान्य करणं तर मुळीच शक्य नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवते. आमच्या भागातल्या एका सड्यावर दर पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन जाते. त्या सड्यावर गेल्या उन्हाळ्यात यंत्र चढवून जांभ्यात ओळीने खड्डे मारले गेले. खालून ट्रॉल्या भरून माती आणली, गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लावली, फलक उभा केला. दोन खड्ड्यांच्या मधोमध एक उथळ डबकं होतं. ऑगस्टमध्ये त्यात गेंद या छोट्या वनस्पतीची पांढरी बोंडं दाटीनं यायची. खालचा कातळ फुटला आणि पाणी त्यात टिकेनासं झालं. यंदा मुलांना तिथं ओली माती आणि रानमोडीचं तण दाखवावं लागलं. काम कुणी केलं ते लिहीत नाही, कारण असं काम एकट्या त्यांनीच केलेलं नाही. चांगल्या हेतूनं, उत्साहानं आणि सरकारी मान्यतेनं हेच अनेक ठिकाणी चाललं आहे.

आराखडा करताना तुम्ही जमिनीची मालकी बघता, रस्ता बघता, रोपवाटिकेतला साठा बघता. हवामान मात्र कुठल्याच रकान्यात नसतं. खरं तर कुठल्या जागी कुठली आणि किती प्रकारची जीवसृष्टी नांदेल हे सर्वांत आधी हवामानच ठरवतं.

एकट्या सातारा जिल्ह्याचं बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जेमतेम शंभर किलोमीटरवर माण तालुका आहे, तिथं तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. ढग घाटमाथ्यावर चढतात, थंड होतात, तिथंच रिते होतात आणि पलीकडे उतरताना त्यांच्यात देण्यासारखं फारसं उरत नाही. एवढ्याशा अंतरात अंजनी-जांभूळ-पिसा यांचं दाट सदाहरित रान, मग पानगळीचं जंगल, मग काटेरी झुडपं आणि शेवटी गवताळ माळ, असा सगळा पालट होतो. या सगळ्या पट्ट्याला एकाच रोपवाटिकेतली चार-पाच जातींची रोपं कशी चालतील?

पावसाच्या आकड्याइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची गोष्ट आहे ती कोरड्या महिन्यांची. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलईत झाडाला वर्षातून दोन-तीन महिने कोरडे काढावे लागतात. तोच सह्याद्री उत्तरेकडे महाराष्ट्रात येतो तेव्हा हा काळ सात-आठ महिन्यांवर जातो. महाबळेश्वरचा पाऊस दक्षिणेतल्या कित्येक घाटांपेक्षा जास्त आहे, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. म्हणून पश्चिम घाटात दक्षिणेकडे जावं तसे वृक्षांचे प्रकार वाढत जातात, तिथल्याच म्हणाव्यात अशा वृक्षजातीही तिकडेच अधिक. कोरड्या ऋतूत तग धरू न शकणारी झाडं वाटेत एकेक करून गळत जातात.

आता हेच कोष्टक गवत, कंद आणि वर्षायू फुलझाडांसाठी मांडलं की चित्र फिरतं. उत्तर सह्याद्रीतले उघडे सडे आणि कडे हे कंदीलपुष्पांचं, गेंदांचं, तेरड्यांचं, दीपकाडीचं घर आहे. यातल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठंही नाहीत. वायतुरा हा पाणवनस्पतीचा प्रकार साताऱ्याच्या पठारांवरून शास्त्राला माहीत झाला तो १९८२ मध्ये. मोजक्याच पठारांवरच्या उथळ पाण्यात तो वाढतो. ज्या लांबलचक कोरड्या ऋतूनं वृक्षांची विविधता कमी केली, त्याच ऋतूनं या छोट्या वनस्पतींना जागा करून दिली. झाडांची गर्दी नाही म्हणून ऊन मिळतं, आणि आठ महिने जमिनीखाली कंद किंवा बी होऊन राहण्याची कला ज्यांना साधली त्यांनाच ते मिळतं. तेव्हा 'इथं झाडं कमी, म्हणजे जीवसृष्टी कमी' हा आराखड्यामागचा हिशेब मुळातच चुकलेला आहे.

सड्यावर जुलैमध्ये गुडघे टेकून बसलं तर हे डोळ्यांना दिसतं. मातीचा थर कुठं बोटभर, कुठं वीतभर, कुठं अजिबात नाही. उघड्या कातळावर शेवाळ आणि दगडफूल. बोटभर मातीत दवबिंदू, ज्याच्या चिकट केसांवर किडे अडकतात, कारण या आम्ल, धुऊन निघालेल्या मातीत नत्र जवळजवळ नसतंच. पाणी झिरपतं तिथं सीतेची आसवं. तीही मांसाहारी, फक्त तिचे सापळे चिखलात आणि डोळ्यांनी जेमतेम दिसतील एवढे. साचलेल्या पाण्यात वायतुरा. पाण्याच्या काठाला गेंद. हातभर बाजूला, माती जरा खोल झाली की सोनकी आणि तेरडा. हे सगळं चार पावलांत. आणि ते एका वेळी दिसत नाही. पहिल्या सरींबरोबर कंद जागे होतात, मग आमऱ्या (ऑर्किड) येतात, भर पावसात पाण्यातली फुलं, ऊन पडू लागलं की सोनकीचा पिवळा गालिचा, आणि डिसेंबरात पुन्हा तापलेला कातळ. कासच्या पठारावर साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागांना जागतिक वारसा मिळाला, त्यांत कास आहे. पण आमच्याकडच्या बहुतेक सड्यांना ना कुंपण आहे ना नाव. त्यांच्या वाट्याला खड्डेच येतात.

आणि हे फुलांपुरतं नाही. आंबोलीच्या सड्यावरचा भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला. पावसाच्या सुरुवातीला जांभ्यावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. डबकं फुटलं की त्याची त्या वर्षाची पिढी संपली. चाळकेवाडीच्या पठारावरचा निळ्या-काळ्या-नारिंगी गळ्याचा सरडा २०१६ मध्ये वेगळी जात ठरला. त्याचा नर दगडावर चढून गळ्याचा पंखा फुलवतो, तो लांबून मादीला आणि दुसऱ्या नराला दिसावा म्हणून. मध्ये झुडपांची भिंत उभी राहिली तर तो पंखा कुणासाठी फुलवायचा?

या सगळ्यावरून माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली तक्रार नोंदीची. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी आणि खडकाळ जमिनी पडीक म्हणून रंगवलेल्या असतात. ज्या कागदावर जागा आधीच खराब ठरली आहे, तो कागद घेऊन गेलेला माणूस तिथं सुधारणाच करायला जाणार. त्यातून पाहणी होते ती मार्च ते मे या काळात, म्हणजे सड्यावरची सगळी वनस्पतीसृष्टी बी आणि कंदांच्या रूपात जमिनीखाली असते तेव्हा. पाहणी अहवालात 'वनस्पती आढळली नाही' हे वाक्य येतं, आणि ते त्या दिवसापुरतं खरंही असतं. पावसाळ्यातली पाहणी मात्र कुणी मागत नाही.

दुसरी तक्रार आकड्यांची. आपल्या राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांची उद्दिष्टं ठरली. यातल्या कष्टांबद्दल मला अनादर नाही. माझे विद्यार्थीही त्यात राबले आहेत. पण आकडा आधी ठरला की जागा नंतर शोधावी लागते. शेतजमीन मिळत नाही, खोल मातीची जमीन आधीच वापरात आहे, मग उरतात माळ आणि सडे. वनाच्छादन मोजण्याची रीतही याला हातभार लावते. एक हेक्टरवर दहा टक्के छत्र दिसलं की ते वनाच्छादनात धरलं जातं, मग झाड कुठल्याही जातीचं असो. माळावर गिरिपुष्प वाढलं की अहवालात वन वाढतं. त्यासाठी जे गवत गेलं, त्याच्या वजाबाकीला कुठं रकानाच नाही. झाडं लावण्याच्या बदल्यात गुण देणाऱ्या केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेत फेब्रुवारी २०२४ मध्ये हेक्टरी किमान ११०० झाडांची अट आली आणि त्यासाठीच्या जमिनींत झुडपी आणि पडीक जमिनीही आल्या. ११०० झाडं म्हणजे साधारण दर तीन मीटरवर एक. ५०० मिलिमीटरच्या पावसात, मुरमाड जमिनीवर, दर तीन मीटरला एक झाड निसर्गानं कधी ठेवलं आहे का, हे माण-खटावच्या कुठल्याही मेंढपाळाला विचारावं.

तिसरी तक्रार जातींची. गिरिपुष्प आणि सुबाभूळ मध्य अमेरिकेकडची, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, ऑस्ट्रेलियन बाभूळ नावाप्रमाणेच तिकडची. पाणी कमी लागतं, जगतात, म्हणून ती निवडली जातात. पण गिरिपुष्प, सुबाभूळ आणि बाभूळ ही जमिनीत नत्र वाढवणारी झाडं आहेत. शेताच्या बांधावर हा गुण आहे. सड्यावर मात्र सगळी विविधता नत्राच्या तुटवड्यावरच उभी आहे. तिथं नत्र वाढलं की भराभर वाढणारं तण वर येतं आणि दवबिंदूसारख्या सावकाश वाढणाऱ्या वनस्पती दडपल्या जातात. वरून सावली, खालून खत, दोन्हीकडून कोंडी.

चौथी तक्रार माळरानाची, आणि ती माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेली आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं म्हणजे तोडलेल्या जंगलाची उरलीसुरली खूण, असं अजूनही प्रशिक्षणांत सांगितलं जातं. भारतीय उपखंडात उष्ण आणि उघड्या प्रदेशातल्या गवतांचा विस्तार साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी झाला. तेव्हा कुऱ्हाड घेणारा माणूसच नव्हता. माळढोक, तणमोर, धाविक, चिंकारा, माळावरचा लांडगा हे सगळे या उघडेपणावर पोसलेले आहेत. माळढोक जमिनीवर, उघड्यावर अंडं घालतो आणि त्याची सुरक्षा म्हणजे चारही बाजूंना लांबवर पोचणारी नजर. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, आणि आज महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याला नांगरट, विजेच्या तारा, कालवे अशी अनेक कारणं आहेत. लागवडीनं मोडलेले माळ हे त्यातलं एक, आणि थांबवायला सर्वांत सोपं.

धनगर बांधवांची चराई बंद होते, ही पाचवी तक्रार. लागवड झाली की चराईबंदी येते आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे माळ राखले त्यांना त्याच माळावर दंड भरावा लागतो. त्यांना आधी विचारलेलं मी तरी कुठं पाहिलेलं नाही.

'पूर्वी इथं जंगल होतं' असं उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. काही ठिकाणी ते बरोबरच आहे. सड्याच्या कडेखालच्या उतारावर, जिथं माती खोल आहे, जांभूळ-अंजनीचे खुंट अजून फुटतात, तिथं रान नक्कीच होतं आणि ते परत यायला हवं. तिथं रोपांचीही फारशी गरज पडत नाही. वणवा आणि तोड काही वर्षं थांबवली तर खुंटच वर येतात. देवरायांच्या कडा अशा रुंदावू शकतात. मी झाडांच्या विरोधात नाही. झाडाची जागा आणि फुलाची जागा हवामानानं आणि मातीनं वेगळी केली आहे, ती एक करू नका, एवढंच माझं म्हणणं.

हे फक्त आपल्यापुरतं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला केप प्रदेशात, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान क्षेत्रात, सुमारे ९,००० प्रकारच्या वनस्पती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक झुडपं आणि कंद. तिथं बाहेरून आणलेले पाइन आणि ऑस्ट्रेलियन बाभळी पाणी पिऊन टाकतात म्हणून त्या काढायला सरकारनं १९९५ पासून मोठा कार्यक्रम चालवला आणि हजारो लोकांना त्यातून काम मिळालं. एका चौरस मीटरमध्ये सर्वाधिक वनस्पतीजाती मोजल्या गेल्या त्याही जंगलात नाहीत. अर्जेंटिनाच्या डोंगरी गवताळ प्रदेशात त्या ८९ भरल्या.

आणि आता हवामान बदलतं आहे. उष्णता वाढली की डोंगरावरच्या वनस्पती वर सरकतात, हे जगात अनेक पर्वतांवर दिसलं आहे. आपल्या सड्यावरच्या वनस्पतींनी कुठं सरकायचं? सडा हाच माथा असतो. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच. शिवाय दोन सड्यांच्या मध्ये दऱ्या, रान, रस्ते आणि वस्त्या आहेत. वायतुऱ्याचं बी एका पठारावरून उडून सहज दुसऱ्या पठारावर जाऊन रुजेल, अशी आशा धरता येत नाही. पाऊस लांबला, मध्येच पंधरा दिवसांची उघडीप पडली तर उथळ डबकी आटतात आणि भेकाची पिल्लं त्यात मरतात. एवढ्या ताणाखाली असलेल्या जागेत आपण हातानं खड्डे खणू नयेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

जांभ्याच्या सड्यांवर यंत्रानं खड्डे, चर आणि बाहेरची माती, हे तिन्ही ताबडतोब बंद करा. यात अटी-शर्ती नकोत.

लागवडीच्या प्रत्येक जागेची नोंद करताना वार्षिक पाऊस, कोरड्या महिन्यांची संख्या आणि मातीची खोली हे तीन रकाने सक्तीचे करा. ते भरल्याशिवाय मंजुरी देऊ नका, आणि ते फलकावर लोकांना वाचता येतील असे लावा.

जून ते ऑक्टोबर असा एक पूर्ण पावसाळा पाहणी झाल्याशिवाय कुठलाही सडा किंवा माळ लागवडीसाठी घेऊ नका. ही पाहणी करायला गावोगावच्या महाविद्यालयांतले शिक्षक आणि विद्यार्थी आहेत.

महसुली आणि वन नोंदींत सडा आणि माळरान यांना स्वतःचा वर्ग द्या. पोटखराबा आणि पडीक हे शब्द तिथून काढा.

माळावर आणि सड्यावर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणं थांबवा. जिथं ती आधीच आहेत आणि खाली गवत अजून तग धरून आहे, तिथून ती टप्प्याटप्प्यानं काढा. त्या जागी पैसा पवन्या-मारवेलच्या बियाण्याला आणि उतारावरच्या रानाच्या राखणीला वळवा.

उद्दिष्ट रोपांच्या संख्येत लिहू नका. पाच वर्षांनंतर त्या जागी तिथल्या किती जाती उरल्या आणि किती परतल्या, हे लिहा. चराई, वणवा आणि कुंपण यांबद्दलचा कुठलाही निर्णय तिथं मेंढरं चारणाऱ्यांना समोर बसवून घ्या.

आमच्या भागातल्या सड्यांवर नोंदलेल्या वनस्पतींच्या याद्या माझ्या विद्यार्थ्यांनी महिन्यांनुसार करून ठेवल्या आहेत. त्या कुणालाही मोफत देईन. आराखड्यावर सही करण्याआधी तुमच्यापैकी कुणी ऑगस्टमध्ये अर्धा दिवस काढला तर सड्यावर सोबत यायला मी तयार आहे. खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणले जातात. त्यामुळे या पत्राला उत्तर मार्च संपण्याआधी, आणि तेही जाहीरपणे मिळावं, अशी विनंती आहे.

आपली,
वनस्पतीशास्त्राची एक शिक्षिका